दोन ते आठच्या मधे

कुणी मला "आता बरं वाटतंय" असं म्हटलं की मी घाबरते. नर्सनं असं म्हणावं हे विचित्रच आहे, कारण तीस वर्षं मी हेच वाक्य ऐकण्यासाठी नोकरी केली. पेशंट उठून बसला, चहा प्यायला, थोडं हसला, की आपलं काम झालं असं समजायचं. साळवेभाऊंनंतर मला तसं समजता येईना. आता निवृत्त होऊन मी संगमनेरला लेकाकडे असते. नातवाला लागलेला ठसका थांबला तरी मी तासभर त्याच्या आसपास घुटमळत राहते. सून म्हणते, "आई, थांबला की खोकला." मी "हो" म्हणते आणि तिथेच बसते.

मधुकर साळवे अकोले गावात फ्रीज दुरुस्त करायचे. मी त्याच तालुक्यात, डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. भाताची खाचरं, चार महिने न उघडणारा पाऊस आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी. आमच्याकडे लहान मुलांच्या लसी ठेवायचा एक मोठा, पेटीसारखा वरून उघडणारा फ्रीज होता. त्यातलं तापमान दोन ते आठ डिग्रीच्या मधे राहिलं पाहिजे. आठच्या वर गेलं तर लस हळूहळू निकामी होते, खाली उतरून गोठली तर काही लसी लगेच बाद. सकाळ-संध्याकाळ आकडा बघून लिहून ठेवायचं काम माझं.

मी तिथे बदलून आले त्या आठवड्यातच काटा अकरावर गेला. मी रडायच्या बेतात होते. शिपाई किसन म्हणाला, "घाबरू नका बाई, साळव्यांना फोन लावतो." दुपारच्या गाडीनं एक उंच, किडकिडीत माणूस उतरला. खांद्याला निळी रेक्झिनची पिशवी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यातलं एक पेन नव्हतं, बारीक थर्मामीटर होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, फ्रीजच्या कुशीला तळहात लावला, मग कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मी आमच्या डॉक्टरांनाही कुणाची छाती इतक्या लक्षपूर्वक ऐकताना पाहिलं नव्हतं.

"दमलंय," ते म्हणाले.

फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला होता. त्यांनी आणि किसननं तो वीतभर पुढे ओढला. मागच्या जाळीवर गोधडीसारखी धूळ बसली होती. ती त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढली. मग झाकण उघडलं. आत लसींच्या शेजारी डॉक्टरांच्या थंड पेयाच्या बाटल्या होत्या आणि एका डब्यात दही. साळव्यांनी एकेक बाटली काढली, ओपीडीत गेले आणि पेशंट बसलेले असताना डॉक्टरांच्या टेबलावर ओळीनं मांडली. शेवटी दह्याचा डबा ठेवला.

"सायेब, ह्येच्यापायी झाकन दिवसातनं धा वेळा उघडतंय," ते म्हणाले. "आत लेकरांचा जीव हाय."

डॉक्टर चांगले होते, ओशाळले. त्या दिवसानंतर फ्रीजमध्ये लसींशिवाय काही गेलं नाही.

पुढे साळवेभाऊ दोन-तीन महिन्यांनी येतच राहिले. बोलावलं नसलं तरी, वाटेवरच्या गावात काम निघालं की डोकावून जायचे. दारातूनच विचारायचे, "काय शिष्टर, किती?" मी म्हणायचे, "पाच." मग चेहरा खुलायचा. "दोन ते आठच्या मधी हाय ना, मग बास." हेच ते माणसांबद्दलही म्हणायचे. लेक रागावून दोन दिवस बोलली नाही, ती बोलायला लागली की "आता दोन ते आठच्या मधी आली." किसन पिऊन आला की "आज ह्यो बाराला हाय, त्येला हात लावू नगा." ते मूळचे नगरच्या दुष्काळी कर्जतकडचे. आमच्या पावसाचं त्यांना कायम नवल वाटायचं. "आमच्याकडं लोक पाऊस यायची वाट बघत्यात, हितं जायाची," असं म्हणून छत्री झटकायचे. आल्यावर "जय भीम शिष्टर", जाताना नुसता हात वर. स्वतःच्या घरी फ्रीज नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर त्येचंच तोंड बघतो. घरी माठ बरा."

एकदा त्यांच्यामुळे मी मोठ्या संकटात पडले असते, पण खरं तर त्यांच्यामुळेच वाचले. हिवाळ्यात फ्रीजचं बटण माझ्याकडून चुकून पुढे फिरलं होतं. साळवेभाऊंनी आत थर्मामीटर धरला आणि मला दाखवला, आकडा शून्याखाली होता. तळाच्या लसी गोठल्या होत्या, बाहेर काढल्यावर थोड्या वेळात वितळल्या. वरवर बघून कुणालाही कळलं नसतं. मी म्हणाले, "भाऊ, आता वितळल्यात, परत पहिल्यासारख्याच दिसतायत."

"दिसत्यात," ते म्हणाले. "टोचल्यावर लागू पडनार न्हाईत. लिवून टाका."

"माझ्यावर येईल."

"येऊ द्या. उद्या एखाद्या लेकराला काय झालं, मग कोनाला सांगनार?"

मी लिहिलं. ते डॉक्टरांसमोर माझ्याबरोबर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक शिष्टरची हाय. पन त्यांनी सोताहून सांगितली, ह्ये बी लिवा." मला लेखी समज मिळाली, लसी नष्ट केल्या, प्रकरण संपलं. त्या माणसानं माझी चूक झाकली नाही. मला तेव्हा थोडा रागही आला होता. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही, असं मी घरी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं.

त्यांचं काम बघायला मला आवडायचं. नळीला डाग द्यायचा, म्हणजे बत्तीच्या ज्योतीनं ती सांधायची असली की ते फ्रीज नेहमी बाहेर व्हरांड्यात ओढायला लावायचे. भर उन्हात किसन कुरकुरायचा. एकदा त्यांनी मला त्याचं कारण दाखवलं. व्हरांड्यात बत्ती पेटवली, ज्योत निळी होती. मग ती एका गळक्या नळीजवळ नेली, तशी ज्योत हिरवी झाली. पोपटाच्या पंखासारखी. मी म्हणाले, "किती सुंदर दिसते."

"दिसती," त्यांनी बत्ती बंद केली. "ह्यो जुना गॅस हाय. ह्येला वास न्हाई, रंग न्हाई, तसा गरीब. पन आगीत सापडला की इख हुतंय. हवेपरीस जड, म्हनून खोलीत जमिनीलगत बसून ऱ्हातो, दिसत न्हाई. ज्योत हिरवी झाली आन् नाकाला झोंबलं, की हत्यार टाकून पळायचं. हत्यार परत मिळतं." नगरला आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या त्यांच्या सरांनी हे सांगितलं होतं, असं ते म्हणाले. नंतर आलेल्या नव्या मशीनमध्ये वेगळा गॅस होता, पण आमचा फ्रीज जुनाच होता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी सांगितल्यामुळे मलाही माहीत होतं.

तो श्रावण होता. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. वीज जात-येत होती आणि एकदा अशी आली की बल्ब फुटले आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर जळाला. मी लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या. दोन दिवस पेटीनं दम धरला. घाटात दरड आल्यामुळे लसी न्यायला जिल्ह्याची गाडी पोचू शकत नव्हती. डॉक्टर मीटिंगला गेले होते, ते तिकडेच अडकले. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला आकडा सहा झाला. बर्फ संपत आला होता, नवा गोठवायला काहीच चालू नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. वाड्यावस्त्यांवरच्या बाया पोरं पाठीशी बांधून चिखलातून येणार होत्या.

साळवेभाऊ दुधाच्या टेम्पोनं दरडीपर्यंत आले आणि तिथून पुढे चालत. गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्रेसर खांद्यावर होता. पोचले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सहा." त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

फ्रीज व्हरांड्यात ओढला. पण पाऊस आडवा येत होता, बत्ती पेटली की विझायची. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग ते म्हणाले, "आत घ्या." लसींची खोली म्हणजे दहा बाय आठची कोठडी. खिडकीतून पाणी आत येत होतं म्हणून किसननं ती लावून घेतली. भाऊंनी जुनी नळी कापली, उरलासुरला गॅस सोडून दिला, आणि काही वेळानं आतून बत्तीचा आवाज यायला लागला.

मी दुसऱ्या खोलीत होते. एक पहिलटकरीण बाळंतपणाला आली होती, तिच्या कळा वाढत होत्या. मधेच बाहेर आले तेव्हा साळवेभाऊ दारातून एकदम बाहेर पडले. डोळे लाल, रुमाल नाकाला. खोकत खोकत व्हरांड्याच्या खांबाला टेकले. त्यांच्यामागून आलेला वास माझ्याही नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं.

"हिरवी झाली," एवढंच म्हणाले.

किसननं जाऊन खिडकी उघडली आणि शर्टानं तोंड झाकून लगेच बाहेर आला. आम्ही तिघं उभे होतो. त्या वेळी माझ्या हातात थर्मामीटर होता, पेटीतला आकडा बघून मी नुकतीच आले होते. आणि मी बोलले. "भाऊ, सात झालंय."

मी ते घाई करण्यासाठी म्हटलं नव्हतं. ते नेहमी विचारायचे, म्हणून सवयीनं सांगितलं. पण सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पावसाकडे. "एकच डाग ऱ्हायलाय," ते म्हणाले. "दोन मिन्टाचं काम." रुमाल ओला केला, तोंडाला बांधला आणि आत गेले. दोन मिनिटं नव्हती ती. जास्त होती. मी मोजली नाहीत, कारण आतल्या बाईनं हाक मारली आणि मी तिकडे गेले.

मुलगी झाली. तिला पुसून आईजवळ दिलं आणि मी बाहेर आले तेव्हा साळवेभाऊ पायरीवर बसले होते. काम झालं होतं. फ्रीज घरघरत होता. खोकला मधे मधे येत होता, पण फार नाही. मी नाडी पाहिली, छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. आकडा चांगला होता. वाफ दिली, खोकल्याचं औषध दिलं, गरम चहा दिला. तासाभरानं ते म्हणाले, "आता बरं वाटतंय." चेहऱ्यावर रंग आला होता. फ्रीजचा काटा उतरताना बघायला आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "पाचावर आलं. तुमचं उद्याचं काम झालं बघा."

मग त्यांनी विचारलं. हे मला शब्द न शब्द आठवतं. "शिष्टर, जाऊ का मी? का थांबू?"

आत ती बाई होती, तिचं रक्त जास्त जात होतं. दवाखान्यात मी एकटी. मी दारातूनच म्हणाले, "जा भाऊ, अंधार पडायच्या आत."

त्यांनी हात वर केला आणि छत्री उघडून निघाले.

दुसऱ्या दिवशी लसीकरण झालं. सगळ्या बाया आल्या. संध्याकाळी नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातून फोन आला. पलीकडे तरुण डॉक्टर होता. साळव्यांच्या खिशात आमच्या केंद्राचा औषधाचा कागद सापडला होता. पहाटे त्यांना झोपेतच दम लागला, तोंडाला गुलाबी फेस आला, शेजाऱ्यांनी गाडी करून आधी संगमनेरला नेलं, तिथून नाशिकला. आता श्वासाच्या मशीनवर होते. डॉक्टरनं विचारलं, काय हुंगलं, किती वाजता, त्यानंतर ते कुठे होते. मी सगळं सांगितलं.

त्यानं वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, "या विषात पहिले काही तास माणूस बरा दिसतो. छातीत पाणी नंतर भरतं. अशा पेशंटला सोडायचं नसतं, सिस्टर." तो रागावून बोलला नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

साळवेभाऊ वाचले. महिन्याभरानं घरी आले. दिवाळी जवळ आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या, दारात सुशीलावहिनींचं शिलाई मशीन. भाऊ पलंगावर बसले होते, मांडीवर उशी आणि उशीवर दोन्ही कोपरं. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ झाला होता. एका श्वासात तीन शब्द मावायचे. तीन शब्द बोलायचे, थांबायचे, ओठ आवळून हवा बाहेर सोडायचे, मग पुढचे तीन. फुफ्फुसांच्या बारीक नळ्या जळून आखडल्या होत्या, त्या परत पहिल्यासारख्या होणार नव्हत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाच आहे, भाऊ."

त्यांनी मान हलवली.

मी माफी मागायला गेले होते. बसमध्ये शब्द जुळवले होते. पण मी तोंड उघडण्याआधी वहिनी बोलल्या. कापडावरची नजर वर न करता, अगदी हळू.

"बाई, एक इचारू का? तुमी शिकलेली मानसं. त्या दिवशी त्येंला तितंच ठेवून घेतलं असतं, तर बरं झालं असतं ना? नाशिकचे डॉक्टर तसंच म्हनले."

मशीन थांबलं होतं. मी हो म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द.

"सुशे," साळवेभाऊ म्हणाले. त्यांनी उशीवरचे हात सरळ केले आणि श्वास गोळा केला. "शिष्टर म्हनत हुत्या... थांबा म्हनून." मग बराच वेळ लागला. "लई म्हनल्या. मीच... ऐकलं न्हाई."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. नजरेतला ताण निघून गेला आणि त्या जागी शरम आली. "माफ करा बाई," त्या म्हणाल्या. "मला काय म्हाईत. ह्येंचा सोभावच तसा, कोनाचं ऐकत न्हाईत." आणि त्या माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीतून स्टँडकडे बघत होते. मी खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, असं का सांगितलंत?" त्यांनी हात थोडा हलवला, माशी हाकलल्यासारखा. मी त्या घरात चहा प्यायले. वहिनींनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी नको म्हणू शकले नाही, कारण नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. गोठलेल्या लसीसाठी माझ्याकडून कबुली लिहून घेणारा तो माणूस, आणि त्यानं माझ्यासाठी आपल्याच बायकोसमोर, मोजक्या श्वासातले एवढे श्वास खर्चून खोटं सांगितलं. मला त्यातून सोडवायलाच त्यांनी तसं सांगितलं असेल. मी सुटले नाही.

त्यानंतर मी तीन-चारदा गेले. दर वेळी ठरवून जायचे की आज वहिनींना सांगायचं. दर वेळी त्या आधीच पाट मांडायच्या, म्हणायच्या, "तुमच्यासारखं मानूस मिळत न्हाई." मग मी जाणं कमी केलं. कामाचं कारण होतंच, आणि ते खरंही होतं. तीन वर्षं भाऊ तसेच जगले. हिवाळ्यात एका सर्दीचं निमित्त झालं आणि गेले. मला किसननं सांगितलं, दोन दिवसांनी. मी वहिनींना भेटायला गेले, त्यांच्याजवळ बसले, त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. तेव्हाही मी सांगितलं नाही. आता त्या लेकीकडे पुण्याला असतात. सणाला मला फोन करतात.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं, ते गेले त्याच्या दोन-एक महिने आधी. अकोल्याचा बाजार होता. मी आरोग्य केंद्राच्या जीपमधून औषधं घेऊन परत निघाले होते आणि गर्दीत जीप अडकली होती. रस्त्याच्या पलीकडे, बांगड्यांच्या दुकानासमोर साळवेभाऊ उभे होते. एक हात दुकानाच्या खांबाला. ते लक्ष देऊन बांगड्या बघत होते. बायकांच्या गर्दीत एक उंच, वाळलेला पुरुष हिरव्या-लाल बांगड्यांचे जुडगे निरखतोय, हे बघून आधी मला हसू आलं. मग त्यांचे ओठ दिसले. आवळलेले, हवा सोडत असलेले. ते बांगड्या बघत नव्हते. श्वास परत येईपर्यंत कुठेतरी उभं राहायला निमित्त हवं, म्हणून बघितल्यासारखं करत होते. दुकानदारानं आतून स्टूल आणून त्यांच्याजवळ ठेवलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग खांब सोडला आणि सावकाश निघाले, भांड्यांच्या दुकानापर्यंत, आठ-दहा पावलं. तिथे परत थांबले. एक तांब्या उचलला, उलटा करून बुडाशी काही तरी वाचल्यासारखं केलं.

घर तिथून चार गल्ल्या पुढे होतं.

जीपचा ड्रायव्हर त्यांना ओळखत होता. म्हणाला, "सिस्टर, साळवे आहेत ते. बसवायचं का त्यांना?"

माझा हात दाराच्या कडीवर होता. मला दिसत होतं की उतरले तर ते विचारतील, आणि मी आकडा सांगेन, आणि त्यांच्या घरापर्यंत आम्ही दोघं गप्प बसून जाऊ, आणि दारात वहिनी हसून म्हणतील, या बाई.

"नको," मी म्हणाले. "उशीर होतोय. चल."

समोरची गर्दी फुटली. भाऊंनी तांब्या जागेवर ठेवला, पुढच्या दुकानाकडे बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि पाऊल टाकलं. जीप वळली. ते तिथपर्यंत पोचले का, ते मी पाहिलं नाही.